पाळण्यातले पाय आणि बोटावरची शाई

जॅक युफे आणि ऑस्कर श्टोर हे एकबीज जुळे भाऊ. जन्म जानेवारी १९३३, त्रिनिदादमधलं पोर्ट ऑफ स्पेन. वडील रुमेनियातून आलेले ज्यू, आई जर्मन कॅथलिक. संसार मोडला तेव्हा पोरं जेमतेम सहा महिन्यांची होती. आईनं ऑस्करला घेऊन जर्मनी गाठली, जॅक वडिलांकडे राहिला. हिटलर सत्तेवर आला ते हेच वर्ष, त्यामुळे पुढचं बरंचसं वाचकाच्या ध्यानात आलं असेल. ऑस्कर कॅथलिक म्हणून वाढला, हिटलरच्या युवा संघटनेत दाखल झाला. जॅक इंग्रजांच्या वसाहतीत ज्यू म्हणून वाढला, विशीच्या आत इस्रायलला गेला आणि तिथल्या नौदलात राहिला. १९५४ साली दोघं पहिल्यांदा भेटले ते जर्मनीतल्या एका रेल्वे स्टेशनवर. ऑस्करनं भावाच्या सामानावरच्या इस्रायलच्या चिठ्ठ्या तिथल्या तिथे काढून टाकल्या आणि घरच्यांना अमेरिकेहून आलोय असं सांगायला बजावलं. भेट थंडच झाली.

दुसरी भेट १९७९मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात. मानसशास्त्रज्ञ थॉमस बूशार्ड यांनी लहानपणीच ताटातूट झालेल्या जुळ्यांचा अभ्यास तिथे नुकताच सुरू केला होता. एव्हाना जॅक कॅलिफोर्नियात दुकानदार होता, ऑस्कर जर्मनीत खाणकामगार. विमानतळावर उतरले तेव्हा दोघांना मिशा, दोघांना तारेच्या काड्यांचे चष्मे, दोघांच्या अंगात खांद्यावर पट्ट्या आणि दोन खिसे असलेले शर्ट. दोघं मनगटाला रबरबँड अडकवत, मासिक मागून पुढे चाळत, लोणी लावलेला टोस्ट कॉफीत बुडवत. शौचालयात पाणी वापरण्याआधीही सोडत आणि नंतरही. भरल्या लिफ्टमध्ये मुद्दाम मोठ्यानं शिंकून लोकांना दचकवायची खोडही दोघांना होती. दोघं तापट, घरात हुकूम सोडणारे. युद्धाला जबाबदार कोण आणि इस्रायलचं बरोबर की चूक, यावर मात्र त्यांचं कधी जमलं नाही.

रबरबँडवर मी फार भिस्त ठेवणार नाही. दोन माणसांना हजार प्रश्न विचारले तर वीस-पंचवीस उत्तरं जुळणारच, आणि वर्तमानपत्रं नेमकी तीच छापणार. पण या दोघांत एक प्रश्न फार स्वच्छ दिसतो. शरीर तेच, स्वभाव बव्हंशी तोच, आणि राजकारण एकमेकांच्या जिवावर उठलेलं. मग उपजत स्वभावाचा माणसाच्या राजकीय मताशी संबंध काय? आपल्याकडे ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून हा विषय एका वाक्यात मिटतो. पाश्चात्त्य विद्यापीठांत त्यावर साठ-सत्तर वर्षं काथ्याकूट चालू आहे आणि त्यातून निघालेली उत्तरं कधी चक्रावून टाकणारी, कधी चक्क उलटी छापलेली आहेत.

स्वभावाचा काही भाग जन्मतःच येतो, याबद्दल आता फारसं दुमत नाही. हार्वर्डचे जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांसमोर अनोळखी वास, आवाज, हलती खेळणी धरत. सुमारे वीस टक्के बाळं हातपाय झाडून रडू लागत, चाळीसेक टक्के निवांत बघत राहत. रडणाऱ्यांतली बरीच पुढे बुजरी निघाली. मात्र बुजरं पोर मोठेपणी मत कोणाला देणार, हा केगन यांचा प्रश्न नव्हता. तो विचारला गेला बर्कलीत, आणि तोही अभ्यासाचा मूळ हेतू नसताना.

जीन आणि जॅक ब्लॉक या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं साठच्या दशकाच्या अखेरीस बर्कली-ओकलंड भागातल्या बालवाडीतली मुलं निवडली आणि त्यांच्या वाढीचा मागोवा घ्यायला सुरुवात केली. पद्धत मोठी कष्टाची होती. बाईंच्या हातात शंभर कार्डं दिली जात. प्रत्येकावर मुलाचं वर्णन करणारं एक वाक्य: सहज दुखावला जातो, नव्या गोष्टीला हात घालतो, रडारड करतो, असली. कार्डांचे नऊ ढीग लावायचे, ‘या मुलाला अगदी लागू’पासून ‘अजिबात लागू नाही’पर्यंत. कोणत्या ढिगात किती कार्डं हेही ठरलेलं, म्हणजे एखाद्या लाडक्या पोराला सगळेच चांगले गुण बहाल करायची सोय नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, प्रत्येक मुलाबद्दल एकाहून अधिक शिक्षिकांनी, एकमेकींना न विचारता हे ढीग लावले. मुलं तेवीस वर्षांची झाल्यावर इतर शंभर गोष्टींबरोबर त्यांना राजकीय मतंही विचारली.

जीन ब्लॉक १९८१ साली वारल्या. निष्कर्ष प्रसिद्ध झाले २००६मध्ये, दोघांच्या नावानं. पंचाण्णवच्या आसपास मुलं हिशेबात होती. तेविशीत परंपरावादी निघालेली मुलं बालवाडीत सहज दुखावणारी, भित्री, ताठर, मन आवरून धरणारी अशी नोंदली गेली होती. उदारमतवादी निघालेली उत्साही, स्वावलंबी, मित्रांत रमणारी, थोडी दादागिरी करणारी. अमेरिकेतल्या उजव्या मंडळींचा तिळपापड व्हायला एवढं पुरेसं होतं. रडकी पोरं उजवी होतात, असं त्याचं सुटसुटीत भाषांतर बातम्यांनी केलं.

खोच वेगळीच आहे. बर्कली हे साठच्या दशकातल्या विद्यार्थी चळवळीचं माहेरघर. तिथे बहुसंख्य घरं डावीकडे झुकलेली, त्यामुळे ‘परंपरावादी’ म्हणावीत अशी मुलं मुळात मोजकी आणि त्यांतही बरीचशी मध्यममार्गी. शिवाय शांत, आज्ञाधारक पोराला ‘ताठर’ म्हणायचं की ‘गुणी’, हे बाई कोणत्या गावच्या आहेत यावर थोडंफार ठरतंच. ढीग नऊ असले तरी ते लावणारी माणसंच होती. अर्थात अभ्यास उडवून लावण्यासारखाही नाही. २०१२ साली ख्रिस फ्रेली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या ७०८ मुलांची जन्मापासूनची माहिती तपासली. साडेचार वर्षांच्या वयात भित्री असलेली मुलं अठराव्या वर्षी किंचित उजवीकडे, चुळबुळी आणि एका जागी न बसणारी किंचित डावीकडे, असाच कल तिथेही दिसला. ‘किंचित’ हा शब्द वाचताना गाळू नये. आईबापांची मुलं वाढवण्याची मतं किती कडक होती, याचाही माग त्याच मुलांत सापडला.

बालवाडीच्या वाटेनं गेलं की घर आणि रक्त वेगळं काढता येत नाही. भित्र्या आईबापांचं पोर भित्रं निघालं, तर ते त्यांच्याकडून आलं की त्यांच्या घरातून? जुळ्यांचा उपयोग इथे होतो. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास सारखी, द्विबीज जुळ्यांची सख्ख्या भावंडांइतकी, म्हणजे सरासरीनं निम्मी. घर दोन्ही जोड्यांचं एकच. तेव्हा एखाद्या मतावर एकबीज जोड्या द्विबीज जोड्यांपेक्षा जास्त जुळत असतील, तर तो जादा भाग जनुकांच्या खात्यात टाकायचा. १९८६ साली निकोलस मार्टिन, लिंडन ईव्हज यांनी ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटनमधल्या जुळ्यांवर हे करून दाखवलं होतं, पण राज्यशास्त्रवाल्यांनी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. २००५ साली जॉन अल्फर्ड, कॅरोलिन फंक आणि जॉन हिबिंग यांनी अमेरिकन राज्यशास्त्राच्या सर्वांत मातब्बर नियतकालिकात तेच मांडलं, तेव्हा कुठे खळबळ झाली.

त्यांनी अठ्ठावीस विषय घेतले होते: शाळेतली प्रार्थना, मृत्युदंड, मालमत्ता कर वगैरे. लोकांच्या मतांत जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ३२ टक्के भाग आनुवंशिक निघाला. सगळ्या मतांची एकत्र गोळाबेरीज केली तर ४३ टक्के. पक्षाच्या निष्ठेचं मात्र निराळं. आपण रिपब्लिकन की डेमोक्रॅट, यात जनुकांचा वाटा १४ टक्क्यांवर थांबला आणि घराचा वाटा ४१ टक्के भरला. म्हणजे मृत्युदंडाबद्दल काय वाटतं ते काही अंशी रक्तातून येतं, आणि कोणत्या चिन्हावर शिक्का मारायचा ते स्वयंपाकघरातल्या गप्पांतून. मला या सगळ्या साहित्यात हा फरक सर्वांत मोलाचा वाटतो. नेमकी त्याचीच बातमी कधी झाली नाही.

टक्केवारीनं घोटाळाही बराच होतो. ३२ टक्के आनुवंशिक याचा अर्थ तुमच्या मताचा तिसरा हिस्सा आजोबांकडून आला, असा नाही. आकडा एका माणसाचा नसतो, जमावाचा असतो, आणि परिस्थिती बदलली की तोही बदलतो. एकाच पोत्यातलं ज्वारीचं मिश्र बियाणं एकसारख्या पाण्याखतावर पेरलं तर ताटांच्या उंचीतला फरक बियाण्याचाच असणार. तेच अर्धं बागायतीत आणि अर्धं कोरडवाहू माळावर पेरलं तर फरकाचं मोठं कारण पाणी ठरणार, आणि बियाणं तर तेच आहे. एकपक्षीय राजवटीत, जिथे सगळ्यांना एकच बोलावं लागतं, तिथे हे आकडे काढून उपयोग काय? टीकाकारांचा आणखी एक आक्षेप रास्त आहे: एकबीज जुळ्यांना लोक सारखंच वागवतात, ती एकमेकांच्या सोबतीत जास्त असतात, तेव्हा त्यांचं जुळणं सगळंच जनुकांच्या नावावर लिहिणं बरोबर नाही.

तरी एक गोष्ट या आक्षेपाला पुरून उरते. पीटर हटेमी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जुळ्यांची मतं वयानुसार मांडून पाहिली. नऊ ते सतरा वर्षांपर्यंत एकबीज आणि द्विबीज जोड्यांत फरकच नाही. दोन्ही सारख्याच जुळतात, कारण दोन्ही आईबापांचं बोलणं बोलत असतात. विशी ओलांडून घर सुटलं की द्विबीज जुळी एकमेकांपासून पांगू लागतात आणि एकबीज तेवढी पांगत नाहीत. सारखं वागवलं जाण्याचाच परिणाम असता तर तो एका छपराखाली, लहानपणीच दिसायला हवा होता. घर सोडल्यावर माणूस आपले मित्र, आपलं काम, आपलं गाव थोडंफार स्वतः निवडतो, आणि ती निवड स्वभावाला धरून होते. अनोळखी माणसांत रमणारी मुलगी मोठ्या शहरातलं वसतिगृह पत्करते, तिथे तिला दहा प्रकारची माणसं भेटतात, आणि मतं त्या भेटींतून घडतात. स्वभाव काम करतो तो असा आडवळणानं, वर्षानुवर्षं.

आडवळणानं समाधान न होणारे संशोधक थेट कातडीत आणि मेंदूत शिरले, आणि तिथे मात्र फजिती झाली. २००८ साली नेब्रास्कातल्या लिंकन शहरात ठाम राजकीय मतं असलेल्या ४६ जणांच्या बोटांना तारा लावून त्यांना चित्रं दाखवली: घाबरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बसलेला मोठा कोळी, रक्ताळलेला चेहरा, अळ्या पडलेली जखम. ज्यांच्या बोटांना जास्त घाम सुटला ते संरक्षण खर्च, मृत्युदंड, इराक युद्ध यांच्या बाजूचे निघाले. निबंध ‘सायन्स’मध्ये आला आणि पुढची दहा वर्षं पाठ्यपुस्तकांपासून टीव्हीपर्यंत फिरत राहिला. मग बर्ट बाकर, केविन आर्सेनो आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग २०२ जणांवर, काय मोजणार ते आधीच जाहीर करून केला. काही सापडलं नाही. ‘सायन्स’नं ही फेरतपासणी छापायला नकार दिला, ती २०२० साली दुसरीकडे आली.

मेंदूची गोष्ट त्याहून रंजक. २०१०च्या डिसेंबरात बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमाचं पाहुणं संपादकपद नट कॉलिन फर्थकडे होतं. त्यानं सुचवलं, राजकारण्यांच्या डोक्यात काय असतं ते एकदा यंत्रात घालून बघाच. त्यातून लंडनमधल्या ९० विद्यार्थ्यांच्या मेंदूंचा अभ्यास झाला आणि २०११च्या शास्त्रीय निबंधावर लेखक म्हणून कॉलिन फर्थचं नाव लागलं. निष्कर्ष असा की परंपरावाद्यांच्या मेंदूत भीतीशी निगडित असलेला अमिग्डला हा भाग मोठा, आणि उदारमतवाद्यांचा मेंदूच्या पुढल्या बाजूचा एक पट्टा जाड. २०२४ साली नेदरलँड्समधल्या ९२८ जणांवर हे ताडून पाहिलं. पट्ट्याचा फरक नाहीसा झाला. अमिग्डलाचा टिकला, पण आधीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर आला. मोजायचंच तर तो फरक तिळाच्या दाण्याएवढा आहे, हे खुद्द संशोधकांचंच माप.

यावर कडी केली २०१२च्या एका निबंधानं. ब्रॅड व्हरहल्स्ट, ईव्हज आणि हटेमी यांनी जुळ्यांच्या आधारे असं मांडलं की स्वभावातून मत जन्मत नाही. दोन्ही एकाच जनुकीय मुळातून शेजारी शेजारी उगवतात. मुद्दा विचार करण्यासारखा होता. त्यात जाताजाता असंही आलं होतं की परंपरावादी मंडळी कठोर, इतरांची पर्वा न करणाऱ्या वृत्तीची असतात. २०१६ साली दुरुस्ती छापावी लागली: मतांचे आकडे भरताना उजवं-डावं उलटं धरलं गेलं होतं, आणि कठोरपणाचा तो गुण प्रत्यक्षात दुसऱ्या बाजूला होता. मूळ युक्तिवादाला धक्का लागत नाही, असं लेखकांनी कळवलं, आणि ते खरंही आहे. पण इतकी वर्षं ही चूक खपून गेली, याचं एक कारण मला सरळ दिसतं. विद्यापीठांतल्या बहुतेकांना तो निष्कर्ष आधीपासूनच पटलेला होता.

आता मूळ अडचण. ‘परंपरावादी’ म्हणजे कोण, हे अमेरिकेत ठरवून जगभर कसं लावायचं? सोव्हिएत संघ मोडायच्या सुमारास सॅम मॅकफार्लंड आणि दोन रशियन सहकाऱ्यांनी तिथल्या लोकांची हुकूमशाही वृत्ती मोजली. अमेरिकेत ही वृत्ती असलेला माणूस समतेच्या नावानं बोटं मोडतो. मॉस्कोत तसाच माणूस समतेचा, सरकारी मालकीचा, साम्यवादी शिस्तीचा कैवारी निघाला. साधं आहे, त्याच्या देशात जुनं, सवयीचं, वडिलधाऱ्यांनी घालून दिलेलं तेच होतं. भारतात तर ही पट्टी आणखी डळमळते. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८च्या पुस्तकात दाखवलं आहे की इथलं राजकारण वेगळ्या दोन प्रश्नांभोवती फिरतं: राज्यसंस्थेनं समाजाच्या रीतीभातींत किती हात घालावा, आणि मागे राहिलेल्या समूहांना वेगळी दखल, आरक्षण द्यावं की नाही. भित्रं पोर यांपैकी कोणत्या बाजूला जाईल, हे त्याच्या जातीवर आणि जिल्ह्यावर आधी ठरेल.

आणि यातलं फार जुनं उदाहरण आपल्याच घरचं आहे. गोपाळ गणेश आगरकर १४ जुलै १८५६ला कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मले, बाळ गंगाधर टिळक २३ जुलै १८५६ला रत्नागिरीत. नऊ दिवसांचं अंतर, एकच जात, एकच डेक्कन कॉलेज. न्यू इंग्लिश स्कूल आणि ‘केसरी’ही एकाच खटाटोपातले. आगरकरांनी ‘केसरी’चं संपादन केलं, आणि कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. तिथेही सामाजिक सुधारणेवरून त्यांचे वाद रंगत. दोघं हट्टी, दोघं लेखणीचे जहाल, तडजोड दोघांनाही शिवी वाटे. स्वभावाची कोणतीही प्रश्नावली त्यांच्यापुढे ठेवली असती तर उत्तरं फार लांब गेली नसती, असा माझा कयास. १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, पुढच्या वर्षी ‘सुधारक’ निघाला, आणि १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघं समोरासमोर उभे राहिले. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं होतं. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारनं आमच्या घरात डोकावू नये. आगरकरांचं म्हणणं, घरातच अन्याय होत असेल तर कोणीतरी डोकावलंच पाहिजे. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

बर्कलीच्या बाईंनी यातल्या कोणाला कोणत्या ढिगात घातलं असतं? इंग्रज सरकारच्या दृष्टीनं टिळक बंडखोर, आणि संमतिवयाच्या प्रश्नावर त्यांच्या पाठीशी उभी राहिली ती पुण्यातली सगळ्यांत कर्मठ मंडळी. उलट गोपाळ कृष्ण गोखले स्वभावानं मृदू, आगरकरांबरोबर ‘सुधारक’मध्ये लिहिणारे, आणि राजकारणात अर्जविनंत्यांच्या बाजूचे. टिळक आणि गोखले यांच्यातला फरक स्वभावाच्या मापानं बराचसा समजतो. सनदशीर मार्गानं जायचं की रस्त्यावर उतरायचं, किती थांबायचं, आवाज किती चढवायचा, इथे स्वभाव बोलतो. टिळक आणि आगरकर यांच्यातला फरक त्या मापानं समजत नाही. आधी स्वराज्य की आधी सुधारणा, हा त्या काळानं पुढ्यात टाकलेला पेच होता, आणि त्याचं उत्तर दोघांनी आपापल्या वाचनातून, अनुभवातून, माणसांच्या सोबतीतून शोधलं.

माणूस तोच असताना राजकारण बदलतं, हेही टिळकांत दिसतं. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा एका गटाचे सेनापती ते होते. मंडालेत सहा वर्षं काढून १९१४ साली सुटले आणि १९१६ला लखनौमध्ये मवाळांबरोबर पुन्हा एका मांडवात बसले. मुस्लिम लीगशी करार झाला त्यालाही त्यांनी पाठबळ दिलं, आणि त्यापायी आपल्याच काही अनुयायांचा राग ओढवून घेतला. विरोधकांना तोडून बोलण्याची त्यांची तऱ्हा मात्र होती तशीच राहिली.